तांब्याच्या टाकाचे डोळे

या सदरातले अनुभव मी झोप यावी म्हणून वाचतो, असं मी बायकोला नेहमी सांगायचो. ती वाचून घाबरायची, मी वाचून घोरायचो. आमच्या कचेरीतलं एक जुनं कपाट संध्याकाळी आपोआप उघडतं म्हणून शिपाई आत जायला तयार नव्हता, तेव्हा त्याच्या बिजागरीला तेल घालून आलेला माणूस मीच. मुळात विश्वास होता म्हणून मला तसं दिसलं असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी हे आधी लिहिलं.

आणि मी भुताबद्दल लिहीतही नाहीये. तळहाताहून लहान अशा एका तांब्याच्या पत्र्याबद्दल लिहितो आहे. पण त्या पत्र्यानं माझी झोप घालवली आहे... आणि जे घडलं त्यात माझा हात किती आणि दुसऱ्या कशाचा किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी नगरला सरकारी कचेरीत कारकून. वय सेहेचाळीस. बिऱ्हाड केडगावला. गाव काष्टीजवळ, तिथे आई, थोरल्या भावाची बायको म्हणजे माझ्या वहिनी, आणि त्यांची मुलगी मंगल. शेती वाट्यानं दिलेली.

थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, बैल विकायला काष्टीच्या बाजाराला गेला आणि परत आला नाही. बैल आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दावं जमिनीवर ओढत बैल एकटाच दारात येऊन उभा राहिला, आणि वहिनी त्याला पाणी दाखवायच्या आधी रस्त्याकडे बघत राहिल्या. आम्ही विहिरी पाहिल्या, दौंडपर्यंतचे रूळ पाहिले, पोलिसात सांगितलं. काहीही सापडलं नाही. या गोष्टीला तेव्हा आठ वर्षं होत आली होती. वहिनी रोज कुंकू लावत होत्या, तेही लांबून दिसावं असं ठळक.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी मंगलचं लग्न ठरलं. मुलाकडची माणसं चांगली होती, मागणं काही नव्हतं. फक्त मुलाचे चुलते जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हनं, पत्रिका छापायच्या आधी येक सांगा. मुलीच्या बापाच्या नावाआधी 'कै.' घालायचं का 'श्री.'? आमच्याकडं लोक इचारत्यात."

मी म्हटलं, कळवतो.

एवढाच प्रश्न होता. पण 'कै.' छापलं की वहिनींचं कुंकू गेलं, आणि मग स्वतःच्या एकुलत्या मुलीला हळद लावायलाही त्यांना मागे उभं राहावं लागणार. 'श्री.' छापलं तर लग्नात माणसं विचारणार, मग आहेत कुठं ते? आईचं म्हणणं एकच होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जवळचं माणूससुद्धा आवाजावरून ओळखायची. ती म्हणायची, "बाळू, माझं पोरगं गेलंय. मला माहीत हाय. तेला देवात बसव. त्यो दारोदार हिंडतोय, तेला घर न्हाई."

देवात बसव म्हणजे टाक कर. आमच्याकडे देवघरात खंडोबा, भवानी यांचे धातूच्या पत्र्यावर उठवलेले टाक असतात, तसाच घरातल्या वारलेल्या कर्त्या पुरुषाचाही टाक करून देवांच्या रांगेत ठेवतात. टाक बसला की तो माणूस पितर झाला. मग वाद राहत नाही.

मला वाद संपवायचा होता. हे लिहिताना लाज वाटते, पण दादा जिवंत असावा असं वाटण्यापेक्षा त्याची वाट बघणं संपावं असं मला जास्त वाटत होतं. आठ वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक सावडण्याला, "काय, भावाचं काय कळलं का?" या प्रश्नाला मी उत्तर देत आलो होतो. मी थकलो होतो.

त्याच सुमाराला केडगावच्या एका शाळेत ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर शनिवारी-रविवारी माणसं जमवत. नाव मोठं नव्हतं, 'जुन्या हस्तकलांची बैठक' एवढंच. कधी बोरूनं मोडी लिहायला शिकवायचे, कधी घोंगडी विणायला, कधी हातकागद करायला, कधी दांडपट्टा. व्याख्यान नाही. मास्तरांचा नियम असा की, ज्याचे हात काळे होणार नाहीत त्याला चहा मिळणार नाही. मी आधी मोडीला गेलो होतो. पुढच्या वेळी टाक घडवायला शिकवणार असं कळल्यावर माझ्या डोक्यात ते आलं. बाजारातून टाक घेतला असता तर सोनारानं चार प्रश्न विचारले असते आणि गोष्ट गावात पोचली असती. इथे आम्ही सगळे शिकाऊ. मी शिकता शिकता टाक करीन, कोणाला विचारायचं कारण नाही.

वहिनींना तर मी विचारलंच नाही.

शिकवायला आले होते नगरचे दामूशेठ. दोन्ही गालांत तंबाखू, आणि आजोबांनी कुठल्या कुठल्या सरदारांचे टाक घडवले याच्या गोष्टी. आमच्यात एक रिटायर्ड हवालदार होते, माने नावाचे. ते म्हणाले, "शेठ, तुमच्या आजोबांचं वय किती हुतं? आत्तापतुर तीनशे वर्सांचे सरदार झाले."

"हवालदार, तुम्ही लढाया किती मारल्या ते आम्ही विचारलं का?" दामूशेठ म्हणाले. सगळे हसले. बँकेतले एक गृहस्थ होते, कॉलेजातल्या दोन मुली होत्या. शाळेच्या व्हरांड्यात शेगडी पेटवलेली. राळ, विटेची पूड आणि तेल शिजवून केलेल्या काळ्या थाप्या प्रत्येकापुढे एकेक. थापी गरम केली की मऊ होते, तिच्यावर पत्रा बसवायचा, गार झाली की ती पत्रा घट्ट धरते. मग लहान हातोडी आणि बोथट पोलादी कलमं घेऊन आधी बाहेरची रेघ मारायची. पत्रा काढून उलटा बसवायचा, पाठीमागून फुगवटा काढायचा. पुन्हा सुलटा करून नाक-तोंड.

शिकण्यासाठी सगळ्यांना खंडोबा दिला होता. मी म्हटलं, मला माणूस करायचाय. फेटा बांधलेला, उभा.

दामूशेठनी माझ्याकडे बघितलं. "घरचा आहे का कोणी?"

"थोरला भाऊ."

"वारला?"

"हो."

एवढं सोपं गेलं ते. शनिवारी संध्याकाळपर्यंत फेटा, खांदे, हातातली काठी झाली. चेहरा कुणाचाही म्हणता आला असता, पण मान जराशी डावीकडे कललेली आली होती. दादा तसाच उभा राहायचा. मी ती मुद्दाम काढली नव्हती. शिकाऊ हाताची चूक म्हणून मी सोडून दिली.

रविवारी सकाळी डोळे. दामूशेठनी सगळ्यांना थांबवून सांगितलं, "देवाचे डोळे मी पाडून देईन. पण वाडवडिलांच्या टाकाला आमच्या घराण्यात रीत आहे. डोळे ज्याचं घर त्यानं पाडायचे. अगोदर नाव घ्यायचं, वारले असं तोंडानं म्हणायचं, मग ठोका. जित्या माणसाचा टाक करत नाहीत. केला तर त्याला इथलं जेवण गोड लागत नाही."

"म्हणजे?" कॉलेजातल्या मुलीनं विचारलं.

"म्हणजे मला काय माहीत? आजा म्हणायचा," दामूशेठ म्हणाले आणि बाजूला जाऊन थुंकून आले.

मी दादाचं नाव घेतलं. वारले म्हणालो. टोकाला वाटीसारखा खळगा असलेलं कलम ठेवून दोन ठोके मारले, दोन डोळे. बुबुळासकट सुबक उमटले. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "वा, जिवंत वाटतोय हो." मला ते आवडलं नाही.

जेवायला आम्ही पटांगणातल्या लिंबाखाली बसलो. थाप्या व्हरांड्यात ओळीनं ठेवलेल्या, समोर दिसत होत्या. जेवून परत आलो तर माझ्या टाकाला डोळे नव्हते.

म्हणजे खोडलेले नव्हते, झिजलेले नव्हते. नव्हतेच. कपाळाखालून गालापर्यंत पत्रा नखासारखा गुळगुळीत.

दामूशेठ म्हणाले, "साहेब, हातात जोर नाही तुमच्या. कचेरीत शिक्के मारता तसं नाही हे. पोटातून मारा."

"मी पाहिले होते डोळे," मी म्हटलं.

"आम्हीबी पाहिले," माने हवालदार म्हणाले. ते हसत नव्हते.

पुन्हा नाव घेतलं, पुन्हा वारले म्हणालो. या वेळी सगळे भोवती उभे होते. डोळे उमटले. मी थापी मांडीवर घेऊन बसलो आणि नजर हलवायची नाही असं ठरवलं. हे सांगताना मला स्वतःलाच वेड्यासारखं वाटतंय... पण मी ठरवून बसलो होतो. मास्तरांनी चहाची हाक दिली. मी मान वर करून "इथेच आणा" म्हणालो. मान खाली घातली तर चेहरा सपाट.

ते जाताना मला दिसलं नाही, आणि बोटांखाली काही हललंही नाही. तांबं मात्र किंचित कोमट होतं. राळ गार होऊन घट्ट झालेली होती, तेव्हा ती ऊब कसली, तेही मला माहीत नाही.

दामूशेठ मला हौदापाशी घेऊन गेले. तंबाखू थुंकून टाकली, चूळ भरली. "साहेब, खरं सांगा. माणूस मेलाय ना?"

मी म्हटलं, "मेलाय."

"तुमच्या डोळ्यांनी पाहिलाय?"

"हो."

या खोट्याचं कारण मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. सगळ्यांदेखत मागे फिरायची लाज, एवढंच सापडतं.

"मग माझ्या कलमात खोट आहे," ते म्हणाले. त्यांनी तेच कलम घेऊन एका रद्दी तुकड्यावर चार खुणा मारल्या. त्या राहिल्या. मग रीत मोडून माझ्या टाकाचे डोळे त्यांनी स्वतः पाडले, घाम येईपर्यंत खोल. पत्रा फाटतो की काय असं वाटलं. राळेतून सोडवून, तेलानं पुसून, लाल फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्यासमोर सोडू नका. घरी जाऊन बघा. आणि काय दिसेल ते मला सांगायला येऊ नका."

त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. हात तर सगळ्यांत काळे त्यांचेच होते.

दुपार कलताना मी एसटीनं गावाकडे निघालो. पिशवी मांडीवर. फडकं सोडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि श्रीगोंद्याच्या अलीकडेच सोडलं. डोळे नव्हते. पाठीमागून पाहिलं, तिथेही कलमाची खूण नव्हती. शेजारचा म्हातारा वाकून म्हणाला, "कोन द्येव हाय ह्यो?" मी फडकं गुंडाळलं.

घरी आईनं टाक हातात घेतला आणि बोटांनी चाचपला. फेटा, खांदे, काठी. बोट चेहऱ्यावर आलं तशी थांबली.

"डोळं कुठंत?"

"आता तशीच पद्धत आहे, आई."

"माझ्यागत केलास व्हय रं तेला," ती म्हणाली आणि टाक छातीशी धरून बसली.

वहिनी चुलीपासून उठून आल्या. त्यांनी विचारलं नाही. आईच्या हातातून टाक घेतला, दारातल्या उजेडात नेला, बराच वेळ बघितला. कललेल्या मानेवरून अंगठा फिरवला.

"ह्यो कुनी केला?"

"मी."

"मला न इचारता?"

मी हातातल्या लाल फडक्याची घडी घालू लागलो.

"आट वर्सं मी काय कपाळ झाकून बसले न्हवते, भावजी. समूर बसून इचारायचं. न्हाई म्हनाले असते, येवढंच ना?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तिन्ही वेळा डोळे पाडले ते, दामूशेठ काय म्हणाले ते, मी खोटं बोललो ते. आई भिंतीला टेकून ऐकत होती. वहिनींच्या चेहऱ्यावर आधी राग होता, तो हळूहळू कुठे गेला ते कळलं नाही. शेवटी त्या हसल्या. आठ वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजी तुमी तिनदा मारलं, आन् तिनदा ते मेलं न्हाईत."

"वहिनी, तांब्याचं काहीतरी..."

"तांब्याला काय कळतंय? छापा पत्रिका. श्री. छापा."

त्यांनी तो टाक टाकून दिला नाही. कुंकवाच्या जुन्या पितळी करंड्यात पालथा ठेवला आणि करंडा देवघरात, देवांच्या रांगेबाहेर, कोपऱ्यात. आई कुरकुरली, पण पुढे तीही बोलली नाही. लोकांनी विचारलं तर वहिनी सरळ सांगत, "हायेत. गेल्यात कुटं तरी." जाऊबाई एवढ्या खुशीत का, म्हणून माझ्या बायकोला आश्चर्य वाटायचं. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर गावी गेलो की मी करंडा उघडून बघायचो. रिकामा चेहरा. मला बरं वाटायचं, आणि आत कुठेतरी तेवढंच अस्वस्थही. कचेरीत शिक्का उमटवताना हात थांबायचा. उमटला की मी कागदाकडे बघत बसायचो, राहतो का जातो. साहेबांनी एकदा विचारलं, "काय हो, शाई वाळायची वाट बघताय?"

लग्न मार्गशीर्षात, आमच्याच दारात. आदल्या दिवशी देवक बसवायचं होतं. त्या सकाळी देव उजळायचे असतात, आणि आमच्याकडे ते काम घरच्या पुरुषाचं. बायका मांडवाखाली हळद दळत होत्या, ओव्या चालल्या होत्या. मी चिंच आणि राख घेऊन देवघरात बसलो. खंडोबा झाला, भवानी झाली. करंड्याला हात लावायचं कारण नव्हतं. लावला.

टाक सुलटा होता. डोळे उघडे होते.

मी पाडले होते तसे नव्हते ते, आणि दामूशेठनी पाडले होते तसेही नव्हते. पापण्यांची रेघ होती. बुबुळं जराशी खाली, पाठीमागून कोणी हाक मारली तर वळायच्या आधी माणूस जसा क्षणभर थांबतो तशी. त्या डोळ्यांमुळे तो चेहरा आता कुणाचाही म्हणता येत नव्हता. तो दादा होता.

आई म्हणायची ते, दामूशेठ म्हणायचे ते, सगळं एकदम डोक्यात आलं. डोळे राहत नव्हते तोवर तो होता. मग आता...

बाहेर कोणीतरी हाक मारली, "अवो, नवरीच्या आयला बोलवा, हळद पयली तिनं लावायची." आणि वहिनींचा आवाज आला, "आले, आले."

मी टाक कमरेला खोचला, मागच्या दारानं गोठ्यात गेलो. खुंटे ठोकायची लोखंडी हातोडी तिथे असायची. दगडावर ठेवून मी डोळ्यांवर मारत सुटलो. पहिल्या घावाला ते गेले नाहीत. मी त्यांच्याकडे न बघता मारत राहिलो. थांबलो तेव्हा डोळे नव्हते, नाक नव्हतं, फेटा आणि कललेली मान तेवढी उरली होती. माझ्या भावाचा चेहरा मी माझ्या हातांनी सपाट केला. दावणीचा बैल, तोच, त्या बाजारातून एकटा परत आलेला, आता म्हातारा झालेला, चारा सोडून माझ्याकडे बघत होता. बैलाच्या बघण्याला अर्थ नसतो हे मलाही कळतं.

टाक करंड्यात परत ठेवला. हात धुतले. वहिनींना काही कळायच्या आत झालं, असं मला वाटलं.

लग्न नीट पार पडलं. वहिनींनी हळद लावली, लेकीची ओटी भरली, विहिणीची गळाभेट घेतली. कपाळावरचं कुंकू घामानं जरा ओघळलं तेव्हा माझ्या बायकोनं पुढे होऊन नीट केलं. मुलाचे चुलते मला म्हणाले, "सगळं येवस्तेशीर झालं बगा." कन्यादान मी आणि बायकोनं केलं. पाण्याची धार सोडताना पाणी पाटावर सांडलं आणि गुरुजींनी खालून माझ्या हाताला आधार दिला. लोकांना वाटलं, पुतणीच्या मायेनं.

वऱ्हाड गेलं. मांडव रिकामा झाला. ऊन अजून होतं. वहिनी मागच्या दारी मोरीपाशी भांड्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. मी पाण्याची घागर ठेवायला गेलो तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, काल हातोडी जाग्यावर न्हाई ठिवली तुमी."

मी घागर खाली ठेवली.

"देवघर रोज आदी मी उगडते. तुमी देव उजळायला बसला त्याच्या आदी मी पानी घालून आल्ते." त्या राखेनं परात घासत होत्या. "करंडा मी रोजच बगायचे. तुमाला वाटलं तुमीच बगता?"

"मग... तुम्ही पाहिलं."

"मीच सुलटा केला. पालता हुता, उचलला आन् बगितलं." परात धुऊन त्यांनी बाजूला लावली. "कपाळ पुसलं मी तितंच. बसले वाईच. मग मंगलनं आवाज दिला, आय, माजी चोळी कुटाय. म्हनलं, आज न्हाई. आज हिचं हाय. परत लावलं न् भाईर आले."

मी म्हटलं, "मी चेहरा मोडला, वहिनी."

"व्हय. त्यो तेवडा ठिवायला पायजे हुता." एवढंच म्हणताना त्यांचा आवाज हलला. "डोळं लई चांगलं आलं हुतं."

मग त्यांनी मोरीतल्या पाण्यानं हात धुतले, पदराचं टोक भिजवलं आणि माझ्यासमोर कपाळ पुसलं. सावकाश, परात पुसावी तसं.

त्यानंतर दुष्काळ आला. माणसं खडी फोडायला गेली, जनावरं छावणीत गेली, तो बैलही तिथेच गेला. दादाची कुठलीही खबर आली नाही. कोणी सांगितलं नाही की अमुक ठिकाणी असा एक माणूस होता आणि मंगलच्या लग्नाच्या सुमाराला वारला. म्हणजे तो त्या दिवशी गेला असं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही. तो आजही असेल. आपण नुसत्या एका पत्र्यावरून...

मी नाना तऱ्हेनं विचार केला आहे. बँकेतल्या त्या गृहस्थांना वाटतं, तांबं तापवून मऊ केलेलं असतं, ते मागे सरत असेल. मग रद्दी तुकड्यावरच्या खुणा का राहिल्या? टाक कोणी बदलला असेल? मग ती कललेली मान? शेवटचे डोळे वहिनींनीच कुणाकडून तरी करून घेतले, असंही एकदा मनात आलं. तो विचार आल्याबद्दल मी त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. ज्या बाईनं आठ वर्षं कपाळ सांभाळलं, ती लेकीच्या हळदीच्या सकाळी स्वतःच्या हातानं ते का पुसेल? दामूशेठना भेटायला दोनदा त्यांच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यांनीच येऊ नका म्हटलं होतं.

माझा छळ करणारी गोष्ट वेगळीच आहे. मी तिनदा म्हणालो, वारले. दोनदा हातोडीपाशी आणि एकदा हौदापाशी. तो तिनदा नाही म्हणाला. मग चौथ्या वेळी त्याला हो कोणी म्हणायला लावलं? मी ते डोळे मागितले नसते, तर कोपऱ्यातल्या करंड्यात काही उघडलं असतं का? याचं उत्तर कोणत्याही शास्त्रात असेल तर मला सांगा. मी ऐकायला तयार आहे, माझी त्यात नाचक्की झाली तरी.

टाक अजून त्याच करंड्यात आहे. वहिनींनी तो करंडा आता देवांच्या रांगेत घेतला आहे, शेवटी, भवानीच्या पलीकडे. आईनं चाचपून पाहिला तेव्हा ती म्हणाली, "झिजला गं ह्यो." वहिनी म्हणाल्या, "व्हय, जुना झालाय."

मंगलला काही माहीत नाही. ती सणाला यायची असली की वहिनी सकाळी आरसा काढतात आणि कुंकू लावतात, पूर्वीसारखं, ठळक. दोन दिवस मायलेकी हसतात, बोलतात. एसटी वळणाआड गेली की वहिनी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून, पदरानं कपाळ पुसतात. गावानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कुजबुज झाली. आता कोणी काही म्हणत नाही.

मागच्या वेळी मी शेजारी उभा होतो. पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "राहिलं का कुटं?"

मी नीट बघून सांगितलं, "नाही, गेलं सगळं." आणि तेवढं बोललो तरी माझी मान आपोआप काष्टीच्या रस्त्याकडे वळली. त्यांचीही.